मुलाखतीनंतरचे पत्र : आभार माना, हात जोडू नका

दर रविवारी सकाळी वस्तीतील अभ्यासिकेत आम्ही मुलामुलींचे नोकरीचे अर्ज तपासून देतो. कारकुनीत अर्धे आयुष्य गेले, तेवढाच त्याचा समाजाला उपयोग. मागे एका रविवारी बी.कॉम. झालेली एक मुलगी आली. एका खासगी कंपनीत हिशेब विभागातील जागेसाठी आदल्या दिवशी तिची मुलाखत झाली होती. "काका, मुलाखतीनंतर आभाराचे पत्र पाठवावे लागते असे मोबाईलवर सांगतात. मी लिहून आणलंय, बघता का?" असे म्हणून तिने कागद पुढे केला.

पत्रात लिहिले होते की, आम्ही गरीब आहोत, वडील निवृत्त झालेत, ही नोकरी दिलीत तर आपले उपकार जन्मभर विसरणार नाही. मुलीचे वडील सोबत आले होते. महापालिकेच्या सफाई खात्यात त्यांची तीस वर्षे नोकरी झालेली. पत्र ऐकून ते संतापले. "मुलाखत घेतली म्हणजे काय उपकार केले त्यांनी? त्यांना माणूस पाहिजे, हिला काम पाहिजे. जोहार घालायचे दिवस आपल्या बापजाद्यांबरोबर गेले!"

मुलगी रडवेली झाली. आम्ही मात्र विचारात पडलो, कारण हा प्रश्न एका घरापुरता नाही. आज आपली मुले बँका, कॉल सेंटर, दवाखाने, मॉल, कंपन्यांची ऑफिसे अशा ठिकाणी मुलाखती देत आहेत. मुलाखतीनंतर पत्र पाठवावे की नाही आणि पाठवले तर त्यात लिहावे काय, हे त्यांना घरात सांगणारे कोणी नसते.

ही रीत आली कोठून?

ही रीत मूळची अमेरिकेतली. रिचर्ड बोल्स यांचे 'व्हॉट कलर इज युवर पॅराशूट?' हे नोकरी शोधणाऱ्यांसाठीचे पुस्तक १९७० साली निघाले आणि तिकडे घरोघरी गेले. मुलाखतीनंतर लगेच आभाराची चिठ्ठी पाठवा, असा आग्रह बोल्स धरीत. परदेशी कंपन्यांबरोबर ही पद्धत आपल्याकडच्या ऑफिसांतही आली. तिकडे हा साधा शिष्टाचार समजला जातो. लिहिणारा आणि वाचणारा बरोबरीचे आहेत, हे त्यात गृहीतच असते. आपल्याकडे साहेबाला लिहायचे म्हटले की लेखणी आपोआप वाकते. घोटाळा होतो तो येथे.

हे आम्ही अनुभवाने सांगतो. २००२ साली आम्ही बी.कॉम. होऊन एका खासगी कचेरीत मुलाखत देऊन आलो. नंतर दोन पानी पत्र पाठवले. आईचे आजारपण, धाकटी भावंडे, घराचे भाडे, सगळे त्यात ओतले. नोकरी मिळाली नाही. पुढे तेथील एका शिपाईमामांनी सांगितले की, ते पत्र चहाच्या वेळी मोठ्याने वाचले गेले आणि लोक हसले. नोकरी गेल्याचे दुःख चार दिवसांत विसरलो, ते हसणे अजून विसरलेलो नाही.

टेबलाच्या पलीकडून

आज आम्ही टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतो. उमेदवारांचे कागद आमच्याच हातून फायलीत जातात, म्हणून आत काय होते ते माहीत आहे. एका जागेसाठी दहा-बारा जण येऊन जातात. निर्णय त्याच दिवशी होतोच असे नाही. चार दिवसांनी साहेब विचारतात, "ती टॅली येणारी मुलगी कोणती?" अशा वेळी पाच ओळींचे नेटके पत्र फायलीत असेल, तर नाव, झालेले बोलणे आणि फोन नंबर समोर येतो. आभारपत्राचा उपयोग एवढाच. त्याने नापास झालेला पास होत नाही, पण पासाच्या काठावर असलेल्याची आठवण राहते.

गरिबीची कहाणी मात्र बाजूला पडते. काम येते का, हे ती सांगत नाही. शिवाय 'हिला कितीही कमी पगार दिला तरी चालेल' असा अर्थ काढणारेही असतात.

म्हणून त्या वडिलांना आम्ही म्हटले, "दादा, उपकार मानू नका हे तुमचे खरे आहे. पण आभार मानणे म्हणजे जोहार नव्हे. समोरच्याने आपल्याला अर्धा तास दिला, आपणही त्याला अर्धा तास दिला. त्याची पोच द्यायची, एवढेच."

मग मुलीने नवे पत्र लिहिले. ते असे :

"महोदया, काल हिशेब सहायक पदासाठी आपण माझी मुलाखत घेतलीत, त्याबद्दल आभार. जीएसटीच्या विवरणपत्रांविषयी आपण विचारले होते. त्या कामाचा मला सहा महिन्यांचा अनुभव आहे. त्याचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. या पदावर काम करण्याची माझी इच्छा आहे. निर्णय कधीपर्यंत होईल, ते कळवावे, ही विनंती. आपली विश्वासू." खाली पूर्ण नाव आणि मोबाईल नंबर.

पत्र त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने पाठवावे. मुलाखत ज्या भाषेत झाली त्या भाषेत लिहावे. इंग्रजी असेल तर साधी, छोटी वाक्ये पुरेत. मुलाखत घेणाऱ्याचे नाव निघतानाच विचारून टिपून घ्यावे आणि ते अचूक लिहावे. एखादे उत्तर राहून गेले असेल तर एका ओळीत द्यावे. उत्तर आले नाही, तर आठवड्याने एकदाच विचारावे. रोज फोन, व्हॉट्सअ‍ॅपवर सुप्रभात, पेढ्यांचा पुडा हे प्रकार अजिबात करू नयेत. दुकान, गोदाम, सिक्युरिटी अशा कामांसाठी पत्राची अपेक्षा नसते. तेथे निघताना तोंडी आभार मानून 'कधी फोन करू?' एवढे विचारले की झाले. आणि मुलाखतीनंतर कोणी नोंदणीचे, गणवेशाचे म्हणून पैसे मागितले, तर पत्र नको आणि पैसेही नकोत. सरळ घरी यावे.

सरकारी ठिकाणी पत्र नको

सरकारी नोकरीचे गणित वेगळे आहे. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट ब अराजपत्रित, गट क आणि गट ड या पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. जेथे मुलाखत अजून आहे, तेथे गुण ठरलेले असतात. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत मुख्य लेखी परीक्षेचे १७५० आणि मुलाखतीचे २७५ गुण. तेथे आभारपत्राने एक गुणही वाढत नाही. उलट सरकारी बँका आणि सार्वजनिक उपक्रमांच्या जाहिरातींत नेहमी सूचना असते की, कोणत्याही प्रकारे वशिला लावल्यास किंवा दबाव आणल्यास उमेदवारी रद्द होईल. मंडळाच्या सदस्याला घरी पाठवलेले पत्र, मग ते कितीही गोड असो, या सूचनेत बसवले जाऊ शकते. तेथे मुलाखत संपताच उभे राहून "धन्यवाद" म्हणावे आणि बाहेर पडावे.

एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांची एक पाहणी २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये प्रसिद्ध झाली. खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, बदलली फक्त नावे. दलित नावाच्या उमेदवाराला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दोन-तृतीयांशच निघाली, मुस्लिम नावाची त्याहूनही कमी. हा दोष कोणत्याही पत्राने धुतला जात नाही. म्हणून नोकरी मिळाली नाही, तर 'तू नीट लिहिले नसशील' असे आपल्या लेकरांना घरात बोलू नका. मुलाच्या हातात असते तेवढे त्याने केले, की बाकीचा दोष त्याच्या माथी नको.

त्या मुलीला चार दिवसांनी दोन ओळींचे उत्तर आले. जागा दुसऱ्याला दिली होती, तिचे कागद पुढच्या जागेसाठी ठेवून घेतले होते. ती नाराज झाली, पण लगेच दुसरा अर्ज करायला बसली. तिच्या वडिलांनी ते पाच ओळींचे पत्र आमच्याकडून पुन्हा वाचून घेतले. ऐकून म्हणाले, "हे ठीक आहे. यात कोणाच्या पाया पडलेले नाही."

पालकांनो, मुलांच्या पत्राला हीच कसोटी लावा. मुलाखत देऊन आलेल्या मुलाला त्याच रात्री जवळ बसवा, पाच ओळी मोठ्याने वाचायला सांगा. ऐकताना आपली मान खाली गेली, तर ती ओळ खोडायला लावा.