अध्यापनात यांत्रिक साधने केव्हा व कशी वापरावीत
(वालूर येथील बारवेवरील पाठाच्या आधारे)

वर्गात मोबाइल, प्रोजेक्टर किंवा दूरदर्शन संच आला म्हणजे अध्यापन सुधारले, असे होत नाही. तसेच ही साधने कपाटात बंद ठेवल्याने अध्यापनाची शुद्धता टिकते, असेही नाही. फळा, खडू व गावचा परिसर यांतून जे मिळणार नाही, असे काय या साधनाने या मुलांस या पाठात मिळेल, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे.

परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्यात वालूर हे गाव आहे. तेथील चक्राकार पायऱ्यांची जुनी दगडी बारव प्रसिद्ध आहे. पाचवीच्या वर्गास ‘पाणी’ हा घटक शिकवावयाचा आहे, असे समजू. अशा वेळी बारवेची चित्रफीत लावून पाठास आरंभ करणे सोपे वाटते. परंतु जी वस्तू गावातच उभी आहे, तिचे चित्र आधी दाखविण्यात काय साधणार? मुलांस प्रथम बारवेवरच न्यावे. सोबत दुसरे शिक्षक किंवा पालक असावेत, मुलांच्या लहान तुकड्या कराव्यात आणि पाण्याजवळच्या पायऱ्यांवर कोणासही उतरू देऊ नये.

तेथे मुलांनी कोरड्या पायऱ्या मोजाव्यात. चार-पाच पायऱ्यांची उंची टेपने मोजून सरासरी काढावी. सरासरी २५ सेंटिमीटर आणि कोरड्या पायऱ्या २४ आल्या, तर पाणी ६ मीटर खोल आहे. गोल फिरत उतरल्याने चाल लांबते, खोली मात्र वाढत नाही, हे मुलांस येथे चटकन पटते. फळ्यावर तेच समजाविण्यास फार वेळ लागतो. दिवाळीनंतर व पुन्हा उन्हाळ्याच्या तोंडाशी हीच मोजणी करून वर्गात तक्ता लावावा.

यानंतर मुले विचारतील, “पाणी येते कोठून? उन्हाळ्यात जाते कोठे?” येथे डोळा थांबतो आणि यंत्राचे काम सुरू होते. मराठवाड्याच्या भूमीखाली काळ्या बेसाल्टचे थर आहेत. पावसाचे पाणी त्यांतील भेगांत व झिजलेल्या खडकात मुरते आणि तेथून विहिरीत पाझरते. ही क्रिया कोणासही प्रत्यक्ष पाहता येत नाही. चार-पाच मिनिटांच्या चलच्चित्राने ती स्पष्ट होते. बारवेचे वरून घेतलेले छायाचित्र दाखविल्यास पायऱ्यांचे चक्र एका दृष्टिक्षेपात ध्यानी येते. गुजरातेतील पाटणची ‘रानी की वाव’ २०१४ साली जागतिक वारसास्थळ ठरली. तिचे चित्र दाखविल्यास गावची बारव एका मोठ्या परंपरेतील आहे, हे मुलांस उमगते. चित्र मध्येच थांबवून “आता पाणी कोठे जाईल?” असे विचारावे. शेवटी संच बंद करून प्रत्येक मुलाने बारवेचा उभा छेद स्वतः काढावा. तो छेद पाहूनच पाठ साधला की नाही, ते कळेल.

पुण्यात १९८४ साली ‘बालचित्रवाणी’ स्थापन झाली व शालेय कार्यक्रम दूरदर्शनवरून मुलांपर्यंत पोचू लागले. प्रसारणाची वेळ ठरलेली असल्याने पाठास तिच्यासाठी थांबावे लागे. आज चित्रफीत शिक्षकाच्या हाती आहे. ती केव्हा सुरू करावी, कोठे थांबवावी आणि केव्हा मुळीच लावू नये, हा निर्णयही त्याचाच आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकास क्यूआर कोड जोडण्याचे त्यांचे काम सर्वांस ठाऊक आहे. त्या योजनेत पुस्तक दूर सारले गेले नाही. जे मूल मागे राहिले, त्यास तोच भाग पुन्हा ऐकण्याची व पाहण्याची सोय झाली. न कंटाळता पुनरावृत्ती करणे हा यंत्राचा मोठा गुण होय.

परंतु अडखळत वाचणाऱ्या मुलाजवळ बसून त्याची चूक कोठे होते हे ओळखणे, हातात पेन्सिल धरावयास शिकविणे, भिणाऱ्या मुलास बोलते करणे, ही कामे शिक्षकाने यंत्रावर सोपवू नयेत. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या व पाठ मोबाइलवर गेले, तेव्हा ज्या घरी मोबाइल नव्हता त्या घरचे मूल पाठापासूनच तुटले. म्हणून मोबाइलवाचून पुरा होणार नाही असा गृहपाठ देऊ नये.

पाठाचे टाचण करताना शिक्षकांनी तीन गोष्टी पाहाव्यात :

१. ही वस्तू किंवा क्रिया गावात प्रत्यक्ष दाखविता येते काय? येत असल्यास प्रथम तीच दाखवावी.

२. साधन बंद केल्यावर मुले स्वतः काय करणार? याचे उत्तर टाचणात नसल्यास तो पाठ केवळ पाहण्याचा राहील.

३. ऐन वेळी वीज गेल्यास पाठ पुढे चालेल काय? चालत नसल्यास टाचण अपुरे आहे, असे समजावे.

या तीन कसोट्यांस उतरलेले साधन निःशंकपणे वापरावे. न उतरलेले साधन कितीही नवे असले, तरी त्या दिवशी बाजूस ठेवावे. वर्गाचा तास मर्यादित असतो आणि तो मुलांचा असतो.