धाप लागली की मनही दमते

साखऱ्याच्या आसपासच्या वस्त्यांवर फिरताना एक वाक्य वारंवार कानावर येते : "बाई, आता कशातच जीव लागत न्हाई." बोलणारी बहुधा चुलीपुढे तीस-चाळीस वर्षे काढलेली आई असते, नाहीतर बिडी ओढणारे आजोबा. ज्याला आपण जुनाट दमा म्हणतो, तो पुष्कळदा 'सीओपीडी' असतो. बिडी कधीच न ओढणाऱ्यांनाही तो होतो आणि चुलीचा धूर हे त्याचे मोठे कारण आहे, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे मांडले.

अशा रुग्णांपैकी साधारण चौघांत एकाला नैराश्य असते. घरचे मात्र "वय झालं" म्हणून सोडून देतात. धाप लागेल या भीतीने माणूस बाजार, लग्नकार्य, उपासना सगळे टाळतो. बसून बसून पायातले बळ जाते, मग थोड्या चालण्यानेही जास्त दम लागतो. आपण घराला ओझे झालो असे वाटू लागते. मग पंप घेणे सुटते, जेवण सुटते, आणि छातीचा आजार आणखी बळावतो.

ओळखायचे कसे? थकवा, झोप न येणे, भूक मरणे ही छातीच्या आजाराचीही लक्षणे आहेत, म्हणून फसगत होते. मी दोनच गोष्टी विचारते. गेले दोन आठवडे बहुतेक दिवस मन उदास आहे का? आवडीच्या गोष्टीतला रस गेला आहे का? नातू मांडीवर येऊन बसला तरी चेहरा फुलत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे. मरणाचे विचार येतात का, हेही सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. आणि फवारणीचे औषध घरात कुलपात ठेवावे.

नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून त्या सोडू नयेत, आणि बरे वाटले तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. त्यांची नशा किंवा चटक लागत नाही. मात्र मेडिकलवरून परस्पर झोपेची गोळी आणू नका; कमजोर छातीत ती श्वास मंदावू शकते. गोळ्यांइतकेच समुपदेशन आणि चालणे कामाचे. नाकाने श्वास घ्यावा, दिवा विझवताना करतो तसे ओठ करून हळूहळू सोडावा, आणि रोज थोडे चालावे. पंप चालूच ठेवावा. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचे उपचार मिळतात. 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चोवीस तास मोफत आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

पूर्वी अशा घरी मी प्रार्थना करायचे, धीर धरा म्हणायचे आणि निघायचे. पुढे एलीयाची गोष्ट पुन्हा वाचली. रानात झुडपाखाली बसून तो मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून खायला दिले. आता मी प्रार्थना करतेच, पण पंप आहे का, सकाळी काय खाल्ले, हेही विचारते.

वस्तीवरच्या एका मावशींच्या गोळ्या सुरू होऊन दोन महिने झाले. परवा त्या हापशापर्यंत चालत गेल्या. वाटेत दोनदा बसल्या, आणि मी मागून येते आहे हे पाहून म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढं, मी येते."