विद्वत्पत्रिकांची पत आणि प्रकाशनातील नैतिक जबाबदारी

१

ज्ञानाच्या कोणत्याही शाखेत एकट्या संशोधकाला सर्व काही स्वतः पडताळून पाहता येत नाही. ज्या विधानांवर तो आपल्या विवेचनाची उभारणी करतो, त्यांपैकी बहुसंख्य विधाने त्याने इतरांच्या निबंधांतून घेतलेली असतात. बोलींचा अभ्यासक दुसऱ्याने नोंदविलेली रूपे प्रमाण धरून चालतो. ज्या वक्त्याच्या तोंडून ती ऐकली गेली, त्याच्या गावी तो स्वतः जातोच असे नाही. रसायनशास्त्रज्ञ दुसऱ्या प्रयोगशाळेतील मापने स्वीकारतो, आणि इतिहासकार दुसऱ्याने वाचून छापलेला मोडी कागद आधारास घेतो. हा व्यवहार विश्वासावर चालतो, आणि त्या विश्वासाची जामीन विद्वत्पत्रिका असते. हुंडी वटते ती पेढीच्या पतीवर. तसाच निबंध ग्राह्य ठरतो तो, तो छापणाऱ्या पत्रिकेने आपले काम प्रामाणिकपणे केले आहे ह्या गृहीतावर.

हे काम कोणते, हे पत्रिकांच्या आरंभापासूनच बरेचसे स्पष्ट आहे. इ. स. १६६५ च्या जानेवारीत पॅरिस येथे ‘जुर्नाल दे सावां’ आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये लंडन येथे हेन्री ओल्डेनबुर्ग ह्यांच्या संपादकत्वाखाली ‘फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स’ ही नियतकालिके निघाली. शोध कोणी व केव्हा लावला ह्याची नोंद ठेवणे, त्याची पारख करणे, तो जाणकारांपर्यंत पोचविणे आणि पुढील पिढ्यांसाठी त्याचे जतन करणे ही चार कार्ये तेव्हापासून विद्वत्पत्रिकेकडे आली. ह्या चारही कार्यांतून काही नैतिक कर्तव्ये निष्पन्न होतात. त्यांचा विचार लेखक, परीक्षक, संपादक, प्रकाशक आणि विद्यापीठ अशा क्रमाने करणे सोयीचे होईल.

२

लेखकाचे पहिले कर्तव्य सत्यकथनाचे. वाङ्मयचौर्य करू नये, सामग्री कल्पनेने निर्माण करू नये, आणि एकच निबंध दोन ठिकाणी नवा म्हणून देऊ नये, हे नियम सर्वांना ठाऊक असतात. त्यामानाने सहलेखकाच्या जबाबदारीकडे मात्र दुर्लक्ष होते. ह्या बाबतीत हिमालयातील जीवाश्मांचे प्रकरण फार उद्बोधक आहे.

चंडीगड येथील पंजाब विद्यापीठातील पुराजीवशास्त्रज्ञ विश्वजित गुप्ता ह्यांनी १९६० च्या दशकापासून सुमारे पंचवीस वर्षे हिमालयातील जीवाश्मांवर विपुल लेखन केले. ह्या लेखनात त्यांना देशोदेशींचे अनेक विद्वान सहलेखक म्हणून लाभले. ऑस्ट्रेलियातील मॅक्वारी विद्यापीठाचे जॉन टॅलेंट ह्यांनी १९८९ च्या एप्रिलमध्ये ‘नेचर’ ह्या साप्ताहिकात असे दाखवून दिले की, हिमालयात सापडले म्हणून वर्णिलेले काही जीवाश्म न्यूयॉर्क राज्यातील अ‍ॅम्स्डेल क्रीक ह्या स्थळाच्या नमुन्यांशी, तर काही मोरोक्कोतून जगभर विकल्या जाणाऱ्या नमुन्यांशी विलक्षण जुळतात. मूळ लेखांत सापडण्याची स्थळे अशा मोघम शब्दांत दिली होती की, दुसऱ्या कोणास तेथे जाऊन पडताळा घेणे दुरापास्त व्हावे.

येथे सहलेखकांची भूमिका विचारात घेण्याजोगी आहे. त्यांपैकी अनेकांचे काम समोर आलेला जीवाश्म ओळखण्यापुरते होते, आणि ते त्यांनी बिनचूक केले. तो जीवाश्म कोठून आला, हे मात्र त्यांनी दुसऱ्याच्या शब्दावर सोडले. निबंधावर नाव घालणे म्हणजे त्या निबंधातील प्रत्येक विधानाबद्दल काही एक उत्तरदायित्व पत्करणे होय. स्वतःच्या वाट्याचा भाग निर्दोष असला म्हणून हे उत्तरदायित्व संपत नाही. संपादकांनाही ह्या दोषातून मुक्त करता येत नाही, कारण नेमके स्थळ विचारण्यासाठी जीवाश्मशास्त्रातील विशेष प्रावीण्य लागत नाही. भाषाभ्यासकाने ह्यापासून घ्यावयाचा धडा उघड आहे. वक्त्याचे गाव, वय, संग्रहाचा काळ आणि मूळ ध्वनिमुद्रण ह्यांची नोंद नसलेली बोलीसामग्री खरी असली तरी पडताळण्याजोगी नसते, आणि जे पडताळता येत नाही ते इतरांनी आधारास घेऊ नये.

३

परीक्षणाची पद्धत वाटते तितकी जुनी नाही. रॉयल सोसायटीने लेखी परीक्षणाची प्रथा १८३० च्या दशकात रुजविली. ‘नेचर’सारख्या मातब्बर साप्ताहिकाने बाहेरच्या तज्ज्ञांकडून परीक्षण १९७३ साली आवश्यक केले. परीक्षकाचे नाव बहुधा गुप्त राहते. निर्भीड मत देता यावे म्हणून हे संरक्षण दिलेले आहे. जेथे ते वैयक्तिक हिशेब चुकते करण्यासाठी वापरले जाते तेथे त्याचे समर्थन उरत नाही. आपल्या प्रतिस्पर्ध्याचा निबंध महिनोन्‌महिने अडवून ठेवणे, त्यातील कल्पना स्वतःच्या लेखनात उचलणे, किंवा केवळ आपल्या लेखांचे उल्लेख वाढावेत म्हणून ते सुचविणे ही सर्व विश्वासघाताचीच रूपे होत. लेखकाशी स्नेह, वैर वा आर्थिक हितसंबंध असेल, तर परीक्षकाने तो संपादकास कळवून निबंध परत करावा.

संपादकाची खरी कसोटी निबंध नाकारताना लागत नाही. ती छापलेला निबंध चुकीचा ठरतो तेव्हा लागते. ‘लॅन्सेट’ ह्या विख्यात वैद्यकीय साप्ताहिकाने १९९८ च्या फेब्रुवारीत अँड्र्यू वेकफील्ड व त्यांचे सहकारी ह्यांचा, अवघ्या १२ मुलांच्या निरीक्षणावर आधारलेला एक निबंध छापला. त्यातून गोवराच्या संयुक्त लशीचा संबंध स्वमग्नतेशी जोडला गेला. २००४ साली १३ पैकी १० लेखकांनी त्या अन्वयार्थापासून फारकत घेतली. तथापि संपूर्ण निबंध मागे घेतला गेला तो २०१० च्या फेब्रुवारीत. ह्या १२ वर्षांत अनेक पालकांनी आपल्या मुलांना लस देण्याचे टाळले. चूक दुरुस्त करण्यात पत्रिकेची अप्रतिष्ठा होते, ह्या समजुतीमुळे असा विलंब होतो. वस्तुतः दुरुस्ती हा नोंद ठेवण्याच्या मूळ कर्तव्याचाच भाग आहे. म्हणून मागे घेतलेला निबंध गुपचूप नाहीसा न करता, तो का मागे घेतला हे त्याच्याच माथ्यावर स्पष्ट नोंदविणे योग्य ठरते.

४

पत्रिकेचा धनी कोण, हा प्रश्न वरवर व्यावहारिक वाटतो. परंतु त्यालाही नैतिक बाजू आहे. १९४९ साली स्थापन झालेल्या ‘लिंग्वा’ ह्या भाषाशास्त्रीय पत्रिकेचे प्रकाशन एल्सेव्हिअर ह्या संस्थेकडे होते. पत्रिका सर्वांस विनामूल्य वाचावयास मिळावी, लेखकाकडून घ्यावयाचा आकार माफक असावा आणि पत्रिकेच्या नावाची मालकी संपादकांकडे यावी, अशा मागण्या योहान रोरिक व त्यांचे सहसंपादक ह्यांनी केल्या. त्या मान्य न झाल्याने २०१५ च्या अखेरीस सर्व संपादकांनी आणि संपादक मंडळाने राजीनामे दिले. पुढील वर्षी त्यांनीच ‘ग्लॉसा’ ही नवी पत्रिका सुरू केली. ‘लिंग्वा’ हे नाव प्रकाशकाकडेच राहिले व ती पत्रिका नव्या संपादकांकरवी निघत राहिली.

प्रकाशकाचीही बाजू आहे. छपाई, जतन, सूचींची व्यवस्था ह्यांस द्रव्य लागते, आणि पत्रिकेत त्याने भांडवल गुंतविलेले असते. परंतु निबंध लिहिणारे, तपासणारे आणि बहुतांशी संपादन करणारे विद्वान आपले श्रम अल्प मोबदल्यात किंवा विनामूल्य देतात. त्यांच्याच ग्रंथालयांना ते निबंध मोठ्या किमतीस विकत घ्यावे लागत असतील, तर त्या विद्वानांच्या तक्रारीत तथ्य आहे असे म्हणणे प्राप्त होते.

५

लेखकाकडून आकार घेण्याच्या पद्धतीचा विपर्यास भारतात विशेष दिसून आला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी पीएच. डी. चा प्रबंध सादर करण्यापूर्वी एक निबंध प्रकाशित करणे आवश्यक ठरविले; २०१० च्या नियमांनी अध्यापकांच्या नेमणुका व बढत्या प्रकाशनांच्या गुणांशी जोडल्या. मागणी निर्माण होताच पुरवठा करणारे उभे राहिले. पैसे भरताच आठवड्याभरात निबंध छापून देणाऱ्या, परीक्षणाचे केवळ नाव सांगणाऱ्या पत्रिकांचे पीक आले.

आयोगाने २०१७ साली मान्यताप्राप्त पत्रिकांची यादी केली, पण तिच्यातही असल्या पत्रिका शिरल्या. पुणे विद्यापीठाचे भूषण पटवर्धन व त्यांचे सहकारी ह्यांनी यादीतील विद्यापीठांनी सुचविलेल्या पत्रिकांपैकी १,००९ पत्रिका तपासून आपले निष्कर्ष २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये मांडले. एक तृतीयांशाहून अधिक पत्रिकांचा पत्ता, संकेतस्थळ वा संपादकांची नावे ह्यांसारखी मूलभूत माहितीच उपलब्ध नव्हती किंवा चुकीची होती. निम्म्याहून अधिक पत्रिकांनी खोटे दावे केले होते किंवा त्यांच्या संपादकांची पात्रता संशयास्पद होती. कसोटीस उतरल्या त्या सुमारे ११ टक्के. त्या वर्षी आयोगाने ४,३०५ पत्रिका यादीतून वगळल्या. पुढे पुण्यातूनच ‘केअर’ ही नवी यादी चालविली गेली. २०२२ मध्ये पीएच. डी. साठी पूर्वप्रकाशनाची सक्ती गेली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत आयोगाने ‘केअर’ यादीही बंद करून पत्रिकांची निवड विद्यापीठांकडे सोपविली.

ह्याचा अर्थ असा की, पारख करण्याचे काम आता प्रत्येक विभागाकडे परत आले आहे. यादी होती तोवर, निबंध कोठे छापला एवढे पाहून त्याचा निर्णय करणे शक्य होते. यापुढे निबंध वाचावा लागेल. बनावट पत्रिकेत लेख देणाऱ्या विद्यार्थ्याचे नुकसान भरलेल्या पैशापुरते नसते. त्याचे काम चांगले असले तरी ते कोणी तपासत नाही, कोणी सुधारत नाही, आणि त्या पत्रिकेची अपकीर्ती त्याच्या नावास कायमची चिकटते. त्याला वेळीच सावध करणे हे मार्गदर्शकाचे कर्तव्य आहे. त्यासाठी फार साधने लागत नाहीत. पत्रिकेचे दोन-तीन अंक वाचावेत, संपादक खरोखर त्या विषयाचे आहेत की नाहीत हे पाहावे, आणि पूर्वी लिहिलेल्या एखाद्या लेखकास परीक्षकांनी काय विचारले, हे विचारावे. ज्याला कोणीच काही विचारले नाही, त्याचा निबंध कोणी वाचलाच नाही असे समजण्यास हरकत नाही.