यादीच्या तळाशी ज्ञ

धुळ्याला मी गेले होते ती वि. का. राजवाडे संशोधन मंडळासाठी. एका दिवाळी अंकाच्या संपादकांना मंडळावर लेख हवा होता. राजवाड्यांचं निधन ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच झालं आणि पुढच्याच महिन्यात मंडळाची स्थापना झाली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड काढणारा हा माणूस शेवटी शब्दांच्या मागे लागला होता. त्यांचा धातुकोश त्यांच्या पश्चात छापला गेला. हजारो धातू कागदावर लिहायचे आणि हाताने वर्णक्रमात लावायचे, या कामाला किती संध्याकाळी लागल्या असतील, याचाच विचार करत मी परत निघाले होते.

वाटेत एका छापखान्यात चहाला थांबले. टेबलावर एका समाजाची वधूवर परिचय सूची पडली होती. सवयीने शेवटचं पान उघडलं, तर तिथे ज्ञानेश्वर. त्याच्या आधीच्या पानावर क्षितिज आणि क्षमा. संगणकाने लावलेल्या मराठी याद्यांमध्ये ही मंडळी तिथे सहसा नसतात. क्षमा असते ‘क’च्या शेवटी, ज्ञानेश्वर ‘ज’च्या शेवटाकडे. ही सूची कोणी लावली, असं विचारलं. “जळगावचे अण्णा. आमच्या सगळ्या याद्या तेच लावून देतात.” राजवाड्यांवरचा लेख मी नंतर लिहिला, आधी पारोळा-एरंडोल करत जळगावची एसटी धरली.

अण्णा डीटीपीचं काम करतात. दुकान म्हणजे घराची पुढची खोली. गोलाणी मार्केटातून सुटे भाग आणून जोडलेला संगणक, त्यावर लिनक्स, आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. माऊस आहे, पण कीबोर्डामागे पालथा घातलेला. लग्नपत्रिका, स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल अशी कामं येतात. ती ज्यांच्या जोरावर निघतात, त्या अकरा छोट्या स्क्रिप्ट, म्हणजे हुकमांच्या फाइली, आणि एक सेटिंगची फाइल. सगळं मिळून फुलस्केपच्या सहा पानांत मावेल. मला याच सहा पानांबद्दल लिहायचं आहे, कारण मराठी लिपीची इतकी बारीक जाण इतक्या कमी जागेत साठवलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

या स्क्रिप्ट ज्या हत्यारांवर चालतात, त्यांचा इतिहास थोडक्यात सांगते. लिनक्स जिच्या धर्तीवर बनलं ती युनिक्स ही प्रणाली १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये सुरू झाली. मजकुरात शोधणारा ग्रेप आणि ओळीओळीने बदल करणारा सेड सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धातले, रकान्यांवर काम करणारा ऑक १९७७ चा. या सगळ्यांना हुकूम सोडायचं कवच म्हणजे शेल. अण्णांचं शेल बॅश, १९८९ चं. ते उघडताना आधी बॅशआरसी नावाची फाइल वाचतं, घर उघडताना आधी दिवा लावावा तसं. या फाइलच्या नावाआधी टिंब असतं, म्हणून ती एरवी दिसत नाही. हे कोणी ठरवून केलं नव्हतं. ‘.’ आणि ‘..’ या दोन नोंदी यादीतून गाळायला एक घाईची अट लिहिली गेली आणि टिंबाने सुरू होणारं सगळंच झाकलं गेलं, असं बेल लॅब्जमधल्या रॉब पाइक यांनी लिहून ठेवलं आहे. याच पाइक यांनी केन थॉम्प्सन यांच्याबरोबर सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, ताटाखालच्या कागदावर यूटीएफ-८ या अक्षरं बाइटांत साठवायच्या पद्धतीची मांडणी केली. त्या मांडणीत आपलं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं. ‘धुळे’ हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा, संगणकाला चार चिन्हांचा आणि बारा बाइटांचा.

अण्णा ऑक शिकले ते आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमधून. दहा-दहा मिनिटांचे मराठी पाठ, एका बाजूला पाठ लावायचा, दुसऱ्या बाजूला स्वतः करून बघायचं. बाकीचं त्यांना गिऱ्हाइकांनी शिकवलं.

सर्वांत जुनी स्क्रिप्ट ‘वेलांटी’. युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या सामाईक तक्त्याच्या आधीच्या फॉन्टांत केलेलं वीसेक वर्षांचं काम लोक आजही घेऊन येतात. त्या फॉन्टांत अक्षरं डोळ्याला दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. पहिली वेलांटी दिसते व्यंजनाच्या आधी, पण उच्चारतो ती नंतर. म्हणजे नुसती खूण बदलून भागत नाही, जागाही बदलावी लागते. ‘स्थिती’मध्ये तर वेलांटीला अख्खं जोडाक्षर ओलांडायचं असतं. रफाराचं उलट. तो दिसतो शेवटी, उच्चारतो आधी. आणि ‘आर्थिक’ या एका शब्दात दोघं समोरासमोर येतात. जुन्या फाइलमध्ये क्रम असा: आ, वेलांटी, थ, रफार, क. आधी वेलांटी थच्या पलीकडे न्यायची. मग रफाराला ती वेलांटी आणि थ, दोन्ही ओलांडून मागे आणायचं. हा नियम त्यांनी सेडच्या दोन ओळींत बसवला आहे. त्या दोन ओळींना चार महिने लागले, असं ते म्हणाले. मला त्याचं नवल वाटलं नाही.

पण मी गेले होते ज्ञसाठी. ती स्क्रिप्ट ‘यादी’.

युनिकोडच्या तक्त्यात ळ आहे ल आणि व यांच्या मध्ये. आपल्या वर्णमालेत तो हच्या नंतर. क्ष आणि ज्ञ यांना तर तक्त्यात स्वतंत्र घरच नाही. ते क किंवा ज, हलन्त आणि पुढचं व्यंजन मिळून बनतात, म्हणून त्या-त्या अक्षराच्या शेपटाला जाऊन बसतात. अण्णांनी तक्ता छापून भिंतीवर लावला होता. “रोज पाहायचो, ताई. ह संपतो आणि काना सुरू होतो, त्यांच्यामध्ये काय आहे? एक दिवस दिसलं.” मध्ये आहे अवग्रह, ‘ऽ’. ओढून म्हटलेल्या स्वराची ही खूण नावांच्या यादीत कधी येत नाही. मग त्यांनी काय केलं, तर प्रत्येक नावाची एक नक्कल ऑकने शेजारच्या रकान्यात उतरवली. नकलेत ळच्या जागी ‘ऽक’, क्षच्या जागी ‘ऽख’, ज्ञच्या जागी ‘ऽग’. यादी त्या नकलेवरून लावायची आणि लावून झाली की नकलेचा रकाना फेकून द्यायचा. तिन्ही अक्षरं हच्या खाली, आपापल्या क्रमाने, आणि काना-मात्रांच्या आधी. ‘कळंबे’ हे आडनाव ‘कहाते’च्या नंतर आणि ‘काळे’च्या आधी, जिथे शाळेतल्या बाईंनी सांगितलं असतं तिथेच. मराठी क्रम जाणणाऱ्या तयार सोयी आहेत, पण संगणकागणिक त्यांचे निकाल अण्णांना वेगवेगळे दिसले, म्हणून त्यांनी आपलं स्वतःचं केलं. हे मी कागदावर दहा नावं घेऊन हाताने करून पाहिलं. अवग्रहाचा हा उपयोग ज्याला सुचला, त्याच्यापुढे माझे हात आपोआप जोडले गेले.

यादी निघाली की ते फक्त शेवटची ओळ पाहतात. “तळाशी ज्ञ असला की झोप लागते.”

झोप नेहमीच लागत नाही. एका स्मरणिकेत देणगीदारांची यादी लावली, तर काही वकील ज्ञच्याही खाली गेले. कारण ‘ॲड.’ ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्र आलं २००८ मध्ये, पाचव्या आवृत्तीनंतरच्या भरीत. त्याआधी लोक अ लिहून वर चंद्र देत. दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात, संगणकाला मात्र एक दुसऱ्याचं कोणी लागत नाही. नव्या ॲची जागा तक्त्यात शेवटाकडे, म्हणून नव्या पद्धतीने टंकलेले वकील तळाला आणि जुन्या पद्धतीचे अच्या गटात. ‘शेतकऱ्यां’चंही तसंच. तो ऱ्य दोन प्रकारे टंकला जातो, त्यातल्या एकात डोळ्याला न दिसणारं जोडचिन्ह असतं. केळीच्या अनुदानाच्या अहवालात ‘शेतकऱ्यांना’ शोधलं तर निम्मेच सापडायचे. आता प्रत्येक स्क्रिप्टची पहिली ओळ या दोन्ही जोड्या एका रूपात आणते. पण लोक नव्या फोनवरून नवी रूपं पाठवत राहतात आणि ती ओळ लांबत चालली आहे.

मग बोलीचं काम आलं. एका निवृत्त गुरुजींचा लेवा गणबोलीचा शब्दसंग्रह. या बोलीत ळचा य होतो. बहिणाबाईंच्या मुलखात डोळा म्हणजे डोया. अण्णांनी शोधायला लिहिलं: डो, पुढे कंसात ळ आणि य, यांपैकी कोणताही चालेल, आणि मग काना. दिवसा चोख चालायचं. रात्री ठरल्या वेळी काम उठवणारा क्रॉन तीच स्क्रिप्ट चालवायचा आणि सकाळी शब्दसूची रिकामी. चूक झाल्याचा एक शब्दही नाही. तीन आठवड्यांनी कारण कळलं. त्यांच्या संगणकावर क्रॉन बॅशआरसी वाचतच नव्हता. दिवा न लावता घरात शिरावं तसा. ‘मजकूर यूटीएफ-८ आहे’ ही ओळ त्या फाइलमध्ये होती. ती न वाचल्यावर कंसातली दोन अक्षरं त्याला अक्षरं म्हणून दिसेनात, सुटे बाइट दिसू लागले. गंमत अशी की ‘यादी’ला उलटंच हवं असतं. तिथे फक्त बाइटांचा क्रम पाहा, असं मुद्दाम सांगावं लागतं. एकाच फोल्डरात शेजारी-शेजारी दोन विरुद्ध आज्ञा, आणि त्या का आहेत हे एकाच माणसाला ठाऊक.

मला काळजी वाटते ती इथे. काळ्या पडद्यावर मराठी नीट उमटत नाही. प्रत्येक चिन्हाला एक चौकट देणाऱ्या त्या खिडकीत वेलांटी सुटते, जोडाक्षरं विस्कटतात. म्हणून शिकायला आलेली दोन मुलं महिन्याभरात सोडून गेली. अण्णा साठीच्या पुढे आहेत. सगळ्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर आहे आणि तो पेन ड्राइव्ह घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात. स्क्रिप्टमध्ये टिपा लिहा, असं मी म्हटलं. “लिहितो की,” म्हणाले, आणि ‘यादी’ उघडून दाखवली. अवग्रहाच्या ओळीवर एकच टीप होती: ‘हे काढू नये.’

एक प्रत मागितली, ती त्यांनी लगेच दिली. घरी आल्यावर माझ्या संगणकावर चालेना. त्यातला सेड वेगळ्या घराण्याचा, तो अण्णांचे पर्याय ओळखत नव्हता. दोन रात्री गेल्या. फोनवर ते एकेक ओळ वाचायला लावत आणि मी बदल करत गेले. शेवटी यादी पडद्यावरून सरसर गेली.

“तळाशी कोण आहे, ताई?”

“ज्ञानेश्वर.”

“वकील कुठे आहेत?”

मी वर सरकवत गेले. सगळे अच्या गटात होते, एकत्र.