स्तनकर्करोग : रक्तातील संकेत आणि धाराशिवचा अनुभव

कुंथलगिरीच्या वंदनेला जाणाऱ्या आपल्या समाजाला भूम तालुका अपरिचित नाही. कुलभूषण-देशभूषण मुनींची ही निर्वाणभूमी. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांची समाधीही 1955 साली येथेच झाली. मात्र याच तालुक्याला वैद्यकाच्या इतिहासातही एक स्थान आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे 1987 साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, तेव्हा बार्शीसोबत भूम आणि परंडा हे धाराशिव जिल्ह्याचे दोन तालुके तिच्या कक्षेत आले. गावोगावी जाऊन कर्करोगाची माहिती द्यावी, संशयित रुग्णांना तपासणीसाठी पुढे आणावे आणि नोंद ठेवावी, असे हे काम होते.

रक्ताच्या थेंबावरून स्तनकर्करोगाचे भाकीत करता येईल काय, हा आजच्या संशोधनातील एक महत्त्वाचा प्रश्न आहे. तो समजून घेताना या भूमीचा अनुभव उपयोगी पडतो.

रक्ताचे चित्र

आपण घेतलेल्या आहाराचे शरीरात पचन व रूपांतर होत असताना साखर, मेद, आम्ले अशी असंख्य सूक्ष्म द्रव्ये रक्तात उतरतात. शास्त्रज्ञ त्यांना मेटाबोलाइट्स म्हणतात. डेन्मार्कमध्ये 1990 नंतरच्या दशकात सुमारे 57 हजार स्त्री-पुरुषांच्या रक्ताचे नमुने जतन करून ठेवण्यात आले होते. कोपनहेगन विद्यापीठाचे रासमुस ब्रो व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतून सुमारे 800 स्त्रियांचे नमुने निवडले. रक्त दिले तेव्हा या सर्वजणी निरोगी होत्या. पुढील काही वर्षांत त्यांपैकी निम्म्या स्त्रियांना स्तनकर्करोग झाला, निम्म्यांना झाला नाही. 2015 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, कोणतेही एक द्रव्य रोगाची सूचना देत नाही. परंतु सर्व द्रव्यांचे एकत्रित चित्र पाहिल्यास दोन ते पाच वर्षे आधी, सुमारे 80 टक्के अचूकतेने धोका ओळखता येतो.

हा आकडा आशादायक आहे, तरी त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. समजा, हजार स्त्रियांपैकी पाचजणींना पुढील पाच वर्षांत हा रोग होणार आहे. 80 टक्के अचूक चाचणी त्यांतील चौघींना ओळखील, एक सुटेल. उरलेल्या 995 निरोगी स्त्रियांपैकी 199 जणींना मात्र विनाकारण धोक्याची सूचना मिळेल. म्हणजे सूचना मिळालेल्या 203 जणींत खरोखर धोका असलेल्या चौघीच. इतरांच्या वाट्याला येणारी भीती आणि पुढील तपासण्यांचा खर्च यांचाही विचार करावा लागतो.

आपल्यासाठी आणखी एक बाब महत्त्वाची आहे. रक्ताचे हे चित्र आहारानुसार बदलते. उपवासात शरीर साठवलेला मेद वापरू लागते आणि रक्तातील कीटोन द्रव्ये वाढतात. डॅनिश स्त्रियांच्या रक्तावर बेतलेले गणित आयुष्यभर शाकाहार घेणाऱ्या, दशलक्षण पर्वात उपवास-एकाशन करणाऱ्या श्राविकेला जसेच्या तसे लागू पडेल, असे गृहीत धरता येणार नाही. ही पद्धत इतर लोकसमूहांत पडताळली जाणे आवश्यक आहे, असे स्वतः संशोधकांनीही म्हटले आहे.

धाराशिवने काय दाखविले?

1999 साली तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी एक विशाल अभ्यास सुरू झाला. टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजारांहून अधिक स्त्रियांना त्यात सामावून घेतले. एचपीव्ही विषाणूची चाचणी केवळ एकदा उपलब्ध झालेल्या गटात आठ वर्षांत 34 स्त्रिया या कर्करोगाने दगावल्या. नेहमीच्याच आरोग्यसेवेवर राहिलेल्या, जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात 64. हे निष्कर्ष 2009 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाले.

हा रोग वेगळा, चाचणीही वेगळी. तथापि बोध एकच आहे. प्राण वाचले ते केवळ चाचणीने नव्हे. कोणीतरी दारापर्यंत गेले, स्त्रिया तपासणीला आल्या आणि दोष आढळलेल्यांना उपचार मिळाले, म्हणून ते वाचले.

स्तनकर्करोगाबाबत असाच प्रयत्न 1998 पासून मुंबईत झाला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, केवळ हातांनी स्तनांची तपासणी केली. दीड लाख स्त्रियांच्या या अभ्यासात रोग तुलनेने लवकरच्या अवस्थेत सापडू लागला. सर्व वयोगट एकत्र धरता मृत्यूंतील घट निर्णायक ठरली नाही. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत मात्र ती जवळपास 30 टक्के दिसून आली.

आज आपल्या हाती काय?

2022 च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षभरात सुमारे 1 लाख 92 हजार स्त्रियांना स्तनकर्करोग झाला आणि सुमारे 98 हजार जणी दगावल्या. रक्तचाचणी व्यवहारात येईल तेव्हा तिचे स्वागतच होईल. परंतु स्तनात किंवा काखेत गाठ, त्वचेला खळगा पडणे, स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे, ही लक्षणे आजही दिसतात आणि तरीही लपविली जातात. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. मात्र कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, म्हणूनच दुर्लक्षित राहते. तिशीनंतर दर पाच वर्षांनी आरोग्य केंद्रात स्तनतपासणी करण्याची तरतूद शासकीय कार्यक्रमात आहे. आई, बहीण वा मावशीला हा रोग झाला असल्यास डॉक्टरांचा सल्ला लवकर घ्यावा.

अप्रमाद हा आपल्या साधनेचा पाया आहे. व्रत पूर्ण झाल्यावर पाहू, मुलीचे लग्न उरकल्यावर पाहू, असे म्हणून दुखणे पुढे ढकलणे हा प्रमादच होय. आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दाने आपण मानतो. आपल्या महिला मंडळांनी येत्या पर्वाच्या निमित्ताने एक तपासणी शिबिर भरवावे आणि संशय आढळलेल्या भगिनीला रुग्णालयापर्यंत सोबत करावी. एका दिवसाच्या शिबिरात ही चारही दाने घडतील.