न दिसणारा गुणाकार

क्ष = ३ असेल तर २क्ष ची किंमत किती? ६, हे तुम्ही चटकन सांगाल. पण क्ष पुसून त्या जागी नुसता ३ लिहून पाहा. वहीत २३ दिसतील! आणि अडीच लिहिताना आपण २ च्या शेजारी १/२ लिहितो, तेथे तर बेरीज अभिप्रेत असते. शेजारी-शेजारी लिहिण्याची रीत एकच, पण अर्थ तीन: २३ म्हणजे दोन दशक अधिक तीन, अडीच म्हणजे दोन अधिक अर्धा आणि २क्ष म्हणजे दोन गुणिले क्ष. असे का व्हावे?

कारण लेखनाच्या या रीती वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या सोयींसाठी रूढ झाल्या. भास्कराचार्य (बारावे शतक) आपल्या बीजगणितात 'यावत्तावत्' या अव्यक्त राशीसाठी 'या' आणि 'कालक' या राशीसाठी 'का' लिहीत. त्यांचा गुणाकार ते 'याकाभा' असा मांडत. यातील 'भा' म्हणजे 'भावित', अर्थात गुणाकार. इंग्लंडमध्ये विल्यम ऑट्रेड यांनी १६३१ साली फुलीचे चिन्ह (×) वापरले. पुढे १६३७ साली फ्रेंच गणिती देकार्त यांनी अव्यक्त राशींसाठी एक्स, वाय, झेड ही अक्षरे घेतली. आता फुली आणि एक्स यांत गोंधळ होऊ लागला. म्हणून लायब्निट्झ यांनी १६९८ साली योहान बेर्नुली यांना लिहिलेल्या पत्रात फुली नापसंत करून टिंब पसंत केले. अक्षरांमध्ये तर चिन्हच न लिहिण्याची पद्धत रुळली.

येथे एक भेद नीट ध्यानात घ्या. क३ असे न लिहिता ३क लिहावे, हा संकेत आहे. सर्वांनी ठरवले तर तो बदलता येईल. परंतु ३ × ५ = ५ × ३ हा संख्यांचा गुणधर्म आहे. तीन ओळींत पाच-पाच रोपे लावा आणि बाजूने पाहा. पाच ओळींत तीन-तीन रोपे दिसतील. हे कोणाच्या ठरवण्याने बदलत नाही.

संकेत माहीत नसला तर गणित येत असूनही उत्तर चुकते. २क्ष² मध्ये वर्ग फक्त क्ष चा आहे; म्हणून क्ष = ३ असता उत्तर १८ येते. ३६ हवे असतील तर (२क्ष)² लिहावे लागेल. यासाठी अक्षराच्या जागी संख्या ठेवताना ती नेहमी कंसात लिहा: २(३).

आता तुम्हीच पाहा: क = २ असता १२ ÷ ३क म्हणजे किती? कोणी २ म्हणेल, कोणी ८. दोघांचाही हिशेब बरोबर आहे. मतभेद आहे तो १२ ला फक्त ३ ने भागायचे की ३क ने, याबद्दल. कंस घालून ही पदावली दोन्ही प्रकारे लिहा, म्हणजे वाद उरणार नाही.