घाम आणि गार पाणी

घामेजल्या अंगाने गार पाणी पिऊ नये, असे आपल्याकडे म्हणतात. चिनी वैद्यकही तेच सांगते. गार पाण्याने पांथरी व जठराचा जोम मंदावतो, पचन बिघडते. म्हणून व्यायामात कोमट पाणी घोट-घोट प्यावे, असा त्यांचा दंडक. चीनमध्ये १९५२ साली सुरू झालेल्या आरोग्य मोहिमेनेही उकळलेल्या पाण्याचा प्रसार केला. उकळल्याने रोगजंतू मरतात, हा फायदा खराच. पण उन्हात कष्ट करताना गार पाणी प्याल्यास अंगाचा ताप कमी चढतो, असे प्रयोगांत दिसले आहे. तेव्हा आमचे सांगणे एवढेच: फडात तोडकऱ्यांसाठी सावलीला माठ भरून ठेवा. दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी पोटात जाऊ द्या. कोमट की गार, हा वाद मागाहून; तहान मारून राबणाऱ्याला उष्माघात गाठतो.